त्रिंबकरावांचा बोळा

मराठी भाषेत सगळा कारभार शेवटच्या शब्दावर चालतो. 'मला जेवायचं' इथपर्यंत सगळे सारखेच. पुढे 'आहे' आलं तर ताट वाढायचं, 'नाही' आलं तर झाकून ठेवायचं. चौथीच्या पोरांना मी दरवर्षी सांगते, बाबांनो, समोरच्याचं क्रियापद येईस्तोवर हात वर करू नका. पोरांना ते पटतं. आमच्या शेजारच्या त्रिंबकरावांना मात्र चौथीत हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्रिंबकरावांची पिठाची गिरणी आहे. माझ्या घराची आणि गिरणीची भिंत एकच, त्यामुळे मला गजर लावावा लागत नाही. जाफराबादहून जीपने आलात तर फाट्यावर उतरल्याबरोबर पहिला आवाज तिचाच ऐकू येतो. उभं आयुष्य त्या घरघराटात गेलं, म्हणून माणसाचं बोलणं अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या अकलेने लावायचं, अशी त्रिंबकरावांना सवय लागली. अकलेवर भरवसाही दांडगा. समोरच्याच्या तोंडातून दोन-चार शब्द बाहेर पडले की ह्यांचा हात वर, "समजलं!" त्यांचा आजा मेंढरं राखायचा. दोष तिथूनच आला असावा असा मला संशय आहे, कारण मेंढरांशी बोलताना उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

"हे गहू बारीक दळायचे..." म्हणून बाई दम घ्यायला थांबते, तोवर गव्हाचं पीठ होऊन डब्यात. बाईला म्हणायचं असतं, दळायचे नाहीत, लापशीला भरडायचेत. एकदा आमच्या गल्लीतला शिवाजी गिरणीच्या दारातून ओरडला, "आमचे बापू गेले..." त्रिंबकरावांनी तिथल्या तिथे गिरणी बंद केली, फाट्यावरून हार आणला आणि तोंड पाडून शिवाजीच्या घरी पोहोचले. बापू जाफराबादच्या बाजाराला गेले होते. तोवर परतही आले होते आणि ओट्यावर बसून केळी खात होते. हार वाया जायला नको म्हणून त्रिंबकरावांनी तो त्यांच्याच गळ्यात घातला. बापूंनी पुढे चार दिवस ह्यांच्याशी बोलणं टाकलं.

इथवर ठीक होतं. पीठ बारीक झालं म्हणून कुणाचा संसार बुडत नाही. पण ह्या गृहस्थांना सोयरिकी जमवायचा नाद. गिरणीत घरोघरच्या बायका येतात, कुणाच्या घरात पोरगी लग्नाची झाली आणि कुणाचा पोरगा नोकरीला लागला हे पिठाबरोबर कळत जातं. एकदा कुणीतरी सांगायला आलं, "पोरगं आधी दारूला शिवत न्हवतं..." हे म्हणाले, "समजलं! निर्व्यसनी!" आणि लग्न लावून मोकळे. वाक्याचा उरलेला अर्धा भाग असा होता की, आता सोडत न्हाई. त्या घरचे लोक अजून दळण दुसऱ्या गावाला नेतात. तरी त्रिंबकराव छाती पुढे काढून सांगत, "म्या जमवलेली एकबी सोयरीक आजवर मोडली न्हाई."

प्रत्येक बैठकीत ते स्वतःच्या लग्नाचा किस्सा हटकून सांगत. "म्या हिला पाह्यला गेल्तो. हिच्या बापानं इच्यारलं, पोरी, तुला काय म्हणायचं? हिच्या तोंडातून 'मला हे लगीन करायचं' एवढंच निघालं. म्या म्हणलं, समजलं! करायचंय! धरा मुहूर्त!" बैठक खो खो हसायची. जयवंताबाई, म्हणजे त्यांची बायको, खाली मान घालून चहा गाळत राहायच्या. त्या किश्शाला त्या हसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

आणि मग त्यांनी स्वतःच्या लेकीची सोयरीक जमवली.

लेक आकांक्षा. शेतीची पदवी घेतलेली, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. बियाणं उगवतंय की नाही हे तपासायचं तिचं काम. ओल्या कागदात दाणे मांडून ठेवायचे आणि वाट पाहायची, घाई केली तर निकाल चुकतो. एवढ्या थांबणाऱ्या पोरीला असा बाप मिळावा! मुलगा होता तीर्थपुरीचा हरिओम, तोही एमआयडीसीतच, सळ्या लाटतात त्या कारखान्यात सुपरवायझर. पगार बरा, घरचं शेत, दिसायला नेटका. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. खाली आल्यावर आकांक्षा थेट गिरणीत गेली. गिरणी चालू होती.

"अण्णा, मला ते स्थळ पसंत..."

"समजलं!" त्रिंबकरावांनी गिरणी बंद केली, मुलाच्या वडिलांना, रामरावांना, फोन लावला आणि गल्लीत पेढे वाटले. मलाही दिले. मी खाल्लेही. मला तेव्हा काय ठाऊक?

पुढे त्या पोरीने काय काय केलं नाही! फोन करून म्हणाली, "अण्णा, त्या पोराचं..." "हां हां, फोटो पाठवतो!" म्हणून त्यांनी फोटो पाठवले. मग तिने व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा मजकूर लिहिला. त्रिंबकरावांनी पहिली ओळ वाचली, 'अण्णा, मला ह्या लग्नाबद्दल', आणि उत्तरादाखल जोडलेले हात आणि एक गुलाब पाठवला. मी तिला सुचवलं की नकार वाक्याच्या सुरुवातीलाच घाल. तिने घातला. "न्हाई, अण्णा, मला..." तर हे जयवंताबाईंना म्हणतात, "पाह्यलं? लाजून राह्यली पोरगी!" जयवंताबाईंनीही तोंड उघडून पाहिलं. "आवं, पोरीला ते पोरगं..." "आवडलं. मला काय सांगती, बाप हाय म्या तिचा."

शनिवारी दुपारी चारला पाहुणे सुपारी फोडायला येणार असं ठरलं. आमच्याकडे सुपारी फुटली की शब्द पक्का. मग माघार घेतली तर दोन्ही गावांत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

देवाला मात्र त्या पोरीची दया आली. शुक्रवारी त्रिंबकरावांची दाढ ठणकायला लागली.

शनिवारी सकाळी पाहते तर गाल टम्म. दाढ आजच काढायची, कारण पाहुण्यांसमोर बोलता आलं पाहिजे, ह्या घाईने ते जयवंताबाईंना घेऊन जाफराबादला दातांच्या डॉक्टरकडे गेले. आकांक्षा जालन्याहून एसटीने परस्पर तिथेच आली. मलाही त्या दिवशी जाफराबादला दुपारपर्यंतचं प्रशिक्षण होतं. विषय होता 'ऐकण्याचं कौशल्य'. साहेब सकाळी बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. ऐकणं किती महत्त्वाचं आहे हे त्यांनी आम्हाला श्वास न घेता सांगितलं. मी हात वर केला तर म्हणाले, "शंका शेवटी, मॅडम." शेवटी शंकांना वेळ उरला नाही आणि चहा गार मिळाला. असं डोकं तापलेलं असताना मी परतीच्या जीपमध्ये चढले.

आत हे तिघे बसलेले. त्रिंबकरावांच्या तोंडात कापसाचा हा एवढा बोळा, ओठ गच्च मिटलेले. मी म्हटलं, "काय भाऊ, काढली का दाढ?" त्यांनी मान हलवली. मान हलवण्याइतकंच उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दिलं असेल.

जयवंताबाई माझ्या कानाला लागल्या. "ज्योत्स्नाबाई, एक गंमत सांगू का? डॉक्टर म्हणले, हा कापूस दिवसभर तोंडात ठेवायचा... तवर हे उठले, हात वर केला अन् चालले बाहेर. मंग डॉक्टर मागून म्हणले, ठेवायचा नाही, अर्ध्या तासानं काढून टाका."

"अहो, मग तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"त्यायला समजलं व्हतं ना," जयवंताबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "रगत कवाच थांबलं. आत्ताच म्या एक नवा बोळा बदलून देल्ला. जरा मोठाच."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ह्या बाईच्या अंगात एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं.

जीप भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही हा आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा कायदा आहे, आणि अजून दोन जागा रिकाम्या होत्या. जयवंताबाईंनी पदर सावरला. "आकांक्षा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "बोल आता. जल्दी बोल."

आकांक्षाने बापाकडे पाहिलं. "अण्णा, मला ते स्थळ पसंत..."

आणि थांबली. सवयीने थांबली हो! जन्मभर ह्याच ठिकाणी तिचं वाक्य तुटलेलं. ती 'समजलं'ची वाट पाहत राहिली आणि ते येईना. पुढे कसं जायचं हे तिला सुचेना. समोरच्या बाकावर एक म्हातारी सरकीचं पोतं धरून बसली होती, तिला दम निघेना. "पुढं काय गं बाई? हाय का न्हाई?"

"न्हाई," आकांक्षा म्हणाली. "न्हाई पसंत."

त्रिंबकरावांचे डोळे मोठे झाले. बोटं तोंडाकडे गेली.

"आवं!" जयवंताबाई कडाडल्या. "डॉक्टरनं काय सांगितलं? ध्यानात हाय ना?"

बोटं खाली आली. त्यांनी माझ्याकडे वळून हवेत लिहिल्याची खूण केली, पेन द्या. माझ्या पर्समध्ये दोन पेनं होती. "नाही हो भाऊ," मी म्हटलं. शिक्षिकेने खोटं बोलू नये, पण काही काही वेळा बोलावं.

आकांक्षाला आता वाट सापडली होती. "गच्चीवर त्यानं मला इच्यारलं, तुला काय आवडतं? म्या म्हणलं, मला... तर तो म्हणला, फिरायला ना? मला बी. मंग इच्यारलं, नोकरीचं काय? म्या म्हणलं, लग्नानंतर मी नोकरी... तो म्हणला, सोडणार, बराबर हाय, घरी आई एकटी असती. अण्णा, पोरगा वाईट न्हाई. शिव्या देत न्हाई, व्यसन न्हाई. पण तो बिलकुल तुमच्यासारखा हाय." ती बाकावर पुढे सरकली. "तुमी बाप हाव, तुमच्याशी मला भांडता येतं. त्याच्या घरी जाऊन म्या आख्खी जिंदगी अर्धं वाक्य बोलू का?"

सरकीवाल्या म्हातारीने त्रिंबकरावांकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर नजर लावली. बाहेर कापसाच्या गाठोड्यांवर बसलेल्या बायका होत्या. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं चढली आणि जीप निघाली. गाव येईपर्यंत त्यांनी मान आत वळवली नाही.

मला वाटलं, संपलं, आता फोन करून पाहुण्यांना थांबवतील. कसचं काय! घरी आल्यावर त्रिंबकरावांनी नवा सदरा घातला, फेटा बांधला, ओसरीवर सतरंज्या टाकल्या आणि ताटात सुपारी, हळद-कुंकू मांडलं. बोळा तोंडातच. मला असा संताप आला! ऐकून घेतलं खरं, पण कानाच्या आत काही गेलं नाही म्हणायचं. आकांक्षाला साडी नेसवताना जयवंताबाईंनी निऱ्या तीनदा सोडून पुन्हा घातल्या. "शब्दाचे पक्के हायेत ते," त्या म्हणाल्या. "सोयरीक मोडली असं कोणी म्हणलं तर त्यायला सहन व्हनार न्हाई." पोरीने पिना लावून घेतल्या.

चार वाजता पाहुणे आले. रामराव, त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई, हरिओम आणि भावकीतली दोन माणसं. दाढेच्या डॉक्टरने दिलेल्या बोळ्यामुळे त्रिंबकरावांना बोलता येत नाही हे कळल्यावर रामराव खूष झाले. "काई हरकत न्हाई! बोलायला आमी हाव ना!" आणि ते बोलायला लागले. ऊस, सळ्यांचा भाव, रस्त्याचे खड्डे, लग्नाचा खर्च, मंगल कार्यालय कोणतं, सगळं त्यांनीच विचारलं आणि सगळ्याची उत्तरंही त्यांनीच दिली. ते श्वास घ्यायला थांबले की हरिओम बोलायचा. बापलेकांनी पाळी लावून घेतली होती.

जयवंताबाई शिरा घेऊन आल्या तेव्हा कोपऱ्यातून प्रेमलाबाईंचा बारीक आवाज आला. "आमच्या हरिओमला गोड..."

"लई आवडतं!" रामराव म्हणाले. "वाढा, वाढा!"

प्रेमलाबाईंनी तोंड मिटलं. हरिओमच्या बशीत डोंगर पडला. मी सहज त्रिंबकरावांकडे पाहिलं, तर ते हरिओमकडे पाहत नव्हते, रामरावांकडेही नाही. ते प्रेमलाबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. त्या बाईचं वाक्य अर्ध्यात लटकलेलं होतं आणि त्याचं शेपूट कधी येतंय ह्याची ते वाट बघत होते. ते आलंच नाही. त्रिंबकरावांनी बोळ्यावरून हळूच गाल चोळला.

सुपारी फोडायचा मान गावातल्या तातेरावांचा. तातेराव म्हणजे नव्वदीला टेकलेले आणि ठार बहिरे. पण एक सांगते, आमच्या गावात माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा हा एकच माणूस आहे. कानामागे हात धरतात आणि तुमचे ओठ हलायचे थांबेपर्यंत डोळे काढत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून ते ऐकतात, आणि ज्यांना ऐकू येतं ते समजतात.

तातेरावांनी अडकित्ता उघडला, सुपारी दातात धरली, म्हणजे अडकित्त्याच्या दातात, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "पोरी, स्थळ पसंत हाय का?" आणि कानामागे हात धरला.

हा प्रश्न विचारायची रीत आहे, उत्तर ऐकायची नाही. पोरीने मान खाली घालायची, बायकांनी हसायचं आणि अडकित्ता दाबायचा. आकांक्षाने मान वर केली.

"मला हे स्थळ पसंत..."

"आहे!" हरिओम हसून म्हणाला.

"हायच!" रामराव म्हणाले. "फोडा!"

"आं?" तातेराव म्हणाले. "कोन बोल्लं? पोरगी बोल्ली का?"

तेवढ्यात अडकित्त्यावर एक हात पडला. तो त्रिंबकरावांचा होता. तातेरावांच्या हातातून त्यांनी अडकित्ता काढून घेतला, दुसऱ्या हाताने तोंडातला बोळा ओढून बाहेर काढला आणि फेट्याखालून सगळ्यांकडे पाहिलं. दिवसभर बंद राहिल्यामुळे जबडा उघडेना. शब्द बोबडे आले, पण आले.

"पोरगी बोलून राह्यली. तिचं वाक्य पुरं व्हऊ द्या."

तातेरावांनी कानामागे पुन्हा हात धरला.

"न्हाई," आकांक्षा म्हणाली. "पसंत न्हाई."

तातेरावांनी तिच्या ओठांवरची नजर काढली आणि कानामागचा हात खाली घेतला. "न्हाई म्हणली," त्यांनी जाहीर केलं. "मंग फोडायची कशाला? ठिवा."

मग जो काय गोंधळ उडाला! रामराव ताडकन उठले. फोनवर पसंत म्हणून कुणी सांगितलं, आमच्या इज्जतीचं काय, गावाला काय तोंड दाखवायचं, पेढे वाटले त्याचं काय, पुष्कळ बोलले. आणि मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते, त्रिंबकराव मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. रामरावांचे शब्द संपले. ते थांबले, तरी हे थांबूनच. शेवटी रामरावांनाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

"झालं का पाव्हणं?" त्रिंबकरावांनी विचारलं. "म्या अर्धंच ऐकल्तं. चूक माही हाय. पोरीची न्हाई, तुमचीबी न्हाई. हात जोडतो."

रामराव तरातरा अंगणात गेले. हरिओम मात्र जागचा हलला नाही. शिऱ्याची बशी तशीच हातात. "पण मी... मी काय चुकीचं बोललो?" त्याने आकांक्षाला विचारलं. खरंच विचारलं, आणि उत्तराला थांबलाही. आकांक्षा म्हणाली, "तुमी बोलले त्यात चूक न्हाई. माझं राह्यलं." त्याने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, बशी खाली ठेवली आणि बापाच्या मागे गेला. पोरगा वाईट नाही, हे मलाही पटलं.

प्रेमलाबाई सगळ्यात शेवटी उठल्या. दारात त्यांनी जयवंताबाईंचा हात धरला, बाहेर रामराव गाडीचा हॉर्न वाजवत होते तिकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "त्या डॉक्टराचा दवाखाना कुठंशी हाय?"

जयवंताबाईंनी पत्ता सांगितला. नीट, खुणांसकट.

रविवारी गावात दुसरा विषय नव्हता. त्रिंबकरावांची सोयरीक मोडली, तीही स्वतःच्या घरची, असं गिऱ्हाईक गिरणीत येऊन हळूच हसून जात होतं. त्रिंबकराव ऐकून घेत होते. मी संध्याकाळी ज्वारीचा डबा घेऊन गेले तेव्हा नुकतीच लाईट गेली होती. गिरणी गप्प होती आणि नवरा-बायको पोत्यांवर बसली होती. मी दारातच थांबले, कारण आत आवाज चढला होता.

"अर्धा तास?" त्रिंबकराव ओरडत होते. "अर्ध्याच तासाचं व्हतं अन् तू दिवसभर..."

"डॉक्टर सांगून राह्यले व्हते," जयवंताबाई म्हणाल्या. "तुमी थांबले न्हाई."

"मंग तू काऊन सांगितलं न्हाई?"

"तुमी इच्यारलं न्हाई."

त्रिंबकराव स्वतःशीच हसले, गाल दुखला म्हणून मध्येच थांबले. बराच वेळ पायाखालच्या पिठात बोटाने रेघोट्या मारत बसले. मला वाटलं आता आत जावं, तेवढ्यात ते म्हणाले,

"जयवंता, एक इच्यारू का?"

"इच्यारा."

"तुह्या बापाच्या घरी, म्या पाह्यला आल्तो तवा. तू म्हणली, मला हे लगीन करायचं... पुढचा शब्द कोनता व्हता?"

जयवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आज कशाला आता?"

"सांग. म्या थांबतो."

आणि थांबले. ते 'न्हाई' ऐकायला तयार होऊन बसले होते हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. खरं सांगते, मीसुद्धा तेच ऐकायला तयार झाले होते.

"मला हे लगीन करायचं," जयवंताबाई सावकाश म्हणाल्या, "पण डी.एड. झाल्यावर. असं म्हणायचं व्हतं. माझा जालन्याला नंबर लागल्ता. कागद घरात आल्ता. तुमी मला आवडल्ते, तुमाला सांगितलं असतं तर थांबले असते, असं वाटल्तं. मास्तरीण व्हयाचं व्हतं मला. ज्योत्स्नाबाईंसारखं."

माझ्या हातातला डबा मला एकदम जड झाला. रोज सकाळी मी शाळेत निघाले की ह्या बाई ओट्यावर उभ्या राहून मी वळणाआड जाईपर्यंत बघत असतात. मला वाटायचं, रिकामपण आहे.

त्रिंबकरावांच्या तोंडात आता बोळा नव्हता, तरी 'समजलं' आलं नाही. हात वर गेला नाही. नाक तेवढं त्यांनी सदऱ्याच्या बाहीला पुसलं, तर बाहीचं पीठ मिशीला लागलं. मिशी पांढरी झाली, त्यांना कळलंही नाही.

तेवढ्यात लाईट आली. दिवा पेटला आणि मी दारात दिसले. मी घाईघाईने डबा पुढे केला. "भाऊ, ही ज्वारी..."

त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आलं 'समजलं'. पण तो हात थांबा म्हणून होता. गिरणीच्या बटणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जयवंताबाईंकडे वळले.

"मंग?" ते म्हणाले.

जयवंताबाईंना क्षणभर कळेना. हा शब्द त्या घरात कुणी त्यांना उद्देशून वापरला नव्हता.

"मंग काय," त्या म्हणाल्या आणि पोत्यावर नीट मांडी घालून बसल्या. "मंग ना, तो कागद म्या पेटीत तळाला ठिवला..."

मी डबा दारात ठेवला आणि घरी आले. त्या रात्री आमच्याकडे भात झाला. ज्वारी दुसऱ्या दिवशी दुपारी दळून मिळाली, आणि देताना त्रिंबकरावांनी विचारलं, "बाई, ते डी.एड.चं, आता या वयात..." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग थांबले, आणि त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं.